माझ्या जागी नाना

आमच्या मजल्यावरच्या नाना मुकादमांना कुणीही "मला जमणार नाही" असं म्हटलं, की ते एकच विचारतात, "बरं. बदली कोण?"

माणूस कोण, काम काय, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला भटजींना ताप आला, तर नानांनी फोनवर त्यांची विचारपूस करायच्या आधी बदली मागितली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला माहेरी जायचं होतं, तर तिच्या सासूला म्हणाले, "जाऊ द्या की पोरीला. भाकरीला बदली म्हून तुमी उभ्या ऱ्हावा." सासू अजून त्यांच्याशी बोलत नाही. एकदा एका लग्नात नवरदेवाची गाडी कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकली, मुहूर्त टळायला आला, तेव्हा मंडपातले सगळे नानांच्या तोंडाकडे बघायला लागले. त्या दिवशी मात्र ते गप्प बसले. "तेवढी अक्कल हाय मला," म्हणाले.

नाना सातारकडचे. सगळा जन्म गोण्या उचलण्यात गेला, आधी मुंबईच्या जुन्या बाजारात, मग तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात. पुढे टोळीचे मुकादम झाले. टोळीत एखादा गडी आला नाही म्हणून माल थांबत नाही. त्याचा भाऊ, मेहुणा, गावचा कुणीतरी त्याच्या जागी उभा राहतो. तो बदली. माझे वडील त्याच टोळीत आहेत, त्यामुळे आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. नाना आता घरी असतात. बायको गेली, मुलगा गावी. उरलेला वेळ ते आमच्या सानपाड्याच्या बिल्डिंगमधल्या लोकांच्या वेळात लक्ष घालण्यात काढतात.

सगळ्यात जास्त लक्ष माझ्या वेळात. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. पण तेव्हा मी सेकंड इयरला होते आणि ग्रॅज्युएट होईन याची मलाच खात्री नव्हती. पाचला उठून पाणी भरायचं, सहाला आईबरोबर कणीक, आठला दोन मुलींची शिकवणी, दहाला वाशीचं कॉलेज. बाराला तिथून स्कूटर पळवत घरी यायचं, आईने केलेले चोवीस डबे स्टेशनजवळच्या ऑफिसांत पोचवायचे आणि दोनला परत वर्गात. वेळेचं नियोजन करायला मी मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं. ते तासातासाला मला पाणी प्यायची आठवण करायचं. मी बंद करून टाकलं. पाणी भरून वेळ उरला तर पिणार ना!

या पळापळीत बारा ते दोनचं अर्थशास्त्र रोज बुडत होतं. एक दिवस बोर्डावर नोटीस लागली. हजेरी पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. खाली नंबरांची यादी, त्यात माझा. मी घरी येऊन जिन्यातच रडत बसले.

नाना वरून उतरले. "काय झालं गं?"

"बाराच्या लेक्चरला मी नसते, नाना. हजेरी कमी भरली."

"मग बदली दे."

"कॉलेजात बदली नसते हो."

"हजेरी घेत्यात म्हंजी काय करत्यात?"

"नंबर पुकारतात. आपण हजर म्हणायचं."

"एवढंच? तुजा नंबर कितीवा?"

"बत्तीस," मी नाक पुसत म्हणाले. इथे मी चुकले.

दुसऱ्या दिवशी बाराला मी डबे घ्यायला निघाले आणि पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून नाना माझ्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले. गेटवरचा वॉचमन सातारचाच, त्याने सलाम ठोकून आत सोडलं होतं. अर्थशास्त्राच्या मॅडम नवीन होत्या. त्यांना वाटलं, हे संस्थेचे कोणी पदाधिकारी, तपासणीला आलेत. त्यांनी पूर्ण तास उभं राहून, कागदाकडे न बघता शिकवलं. मग हजेरी. "बत्तीस."

"हजर!"

वर्गात हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही?"

"बदली हाय, बाई. पोरगी कामावं गेलीया. म्या एक अक्षर सोडलं न्हाई, इचारा पायजे तर."

मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी मान खाली घालून उभी. आधी त्यांनी यथेच्छ झापलं. मग त्यांना हसू आवरेना. "अगं, घाम फुटला होता मला! त्यांना सांग, शिकायला बदली चालत नाही. डबे पोचवायला चालते का, ते विचार त्यांना."

मी विचारलं. नाना जरा खट्टू झाले. "म्हंजी माजी हजेरी धरली न्हाई?" पण दुसऱ्या दिवशी अकरालाच ते आमच्या दारात उभे. डोक्यावर चुंबळ, त्यावर डब्यांसाठी रिकामी पाटी. आई लाजून म्हणाली, "नाना, या वयात कुठं?" तर म्हणाले, "मालकीणबाई, माल भरा."

डबे कधी उशिरा गेले नाहीत. मात्र तक्रारी यायला लागल्या. कुणी भाजी टाकली, की नाना ऑफिसात सगळ्यांदेखत विचारायचे, "का, कारलं तुमच्या बापजाद्यांनी खाल्लं न्हवतं व्हय?" दोन गिऱ्हाइकं तुटली, पाच वाढली.

मजुरी त्यांनी आईकडून कधी घेतली नाही. माझ्याकडून घ्यायचे. संध्याकाळी मी आले की विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी दमलेली असायचे, पण सांगावं लागायचं. मागणी, पुरवठा, साठेबाजी. एकदा म्हणाले, "पुस्तकात लिवलंय त्ये बरुबर हाय, पर पाऊस कुटं धरलाय त्येंनी?" मी ते मॅडमना विचारलं. मॅडमनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला.

टर्म संपताना यादी लागली. बत्तीस नंबर पंचाहत्तरच्या वर, अगदी काठावर. मी तशीच घरी पळाले. नाना जिन्यात बसून रिकाम्या डब्यांची झाकणं जुळवत होते.

"नाना, परीक्षेला बसू देणार मला!"

"बसू देनार? ब्येस झालं." हसले. मग झाकण हातात तसंच धरून म्हणाले, "एक इचारू? येखादं पोर यायचंच थांबलं, तर त्याचं नाव कवर पुकारत्यात?"

"का हो?"

"आपलं असंच." त्यांनी झाकण डब्यावर बसवलं. "सातवीत हुतो. बाच्या पायावर गोण्यांची थप्पी पडली. त्याच्या जागी मला मुंबईला न्हेलं. आठ दिसासाटी म्हून न्हेलं. शाळंत सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बग. मास्तर नाव घेत असत्याल न्हवं रोज?"

आमच्या कॉलेजात महिनाभर कुणी आलं नाही की नावावर रेघ मारतात. मला ते माहीत होतं.

"वर्षभर घेतात, नाना," मी म्हणाले. "निकाल लागेपर्यंत."

"निकालापत्तुर," नाना स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी सरकून मला पायरीवर जागा करून दिली.