शहजादीबींचे तीन सेट

माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात. त्यांपैकी घरातल्या बाईची हाडं ही कुटुंबाची सामाईक मालमत्ता होय. (मोडली तर मात्र तिची स्वतःची.)

स्वारगेटजवळच्या शहजादीबींचं मनगट नुसतं बादलीला अडखळून पडल्यानं मोडलं, तेव्हा ही मालमत्ता ठिसूळ झाल्याचं उघडकीस आलं. प्लास्टर निघाल्यावर सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कॅल्शियमच्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दोन, आठवड्यातून तीन संध्याकाळी व्यायामाच्या वर्गात जाऊन, शिकवणाऱ्या बाईंसमोर वजनं उचलायची.

“नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. पुन्हा पडलात तर खुबा जाईल,” त्या म्हणाल्या. पुढच्या पेशंटला त्यांनी एव्हाना आत बोलावलंही होतं.

पहिली गोष्ट कुटुंबानं एकमतानं मंजूर केली. ती घेण्यासाठी बाईला घराबाहेर जावं लागत नाही, हा गोळीचा सर्वात मोठा औषधी गुण. दुसरीत तांत्रिक अडचण निघाली. संध्याकाळी घरात चहा होतो, कणीक मळली जाते आणि दोन पुरुष भुकेले असतात.

“अम्मी, तू दिवसभर वजनंच उचलतेस की,” मुलगा इम्तियाज म्हणाला.

“आणि ते पण पंख्याखाली,” निवृत्त नवरा मेहबूबमियाँ म्हणाले. (स्वयंपाकघरात पंखा नाही. पण ते तिथं फारसे गेलेले नाहीत.)

हा विचार इतका शास्त्रशुद्ध होता की व्यायामशाळा घरातच सुरू झाली. तांदळाचा डबा वरच्या फळीवर गेला (खांद्यांसाठी). कुकर सर्वात खालच्या कप्प्यात (मांड्यांसाठी). भांडी घासणाऱ्या बायडाबाईंना रजा मिळाली (मनगटासाठी). मेहबूबमियाँ खुर्चीत बसून प्रशिक्षक झाले. अशा व्यायामानं घरातल्या शंभर टक्के पुरुषांना बरं वाटतं, असं पाहणीत आढळलं. (नमुना : दोन पुरुष.)

शहजादीबींना रात्रंदिवस तो खुबा दिसत होता. शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “व्यायाम म्हणजे नक्की काय हो?”

“वजन दहादा उचलायचं, होतं तिथं ठेवायचं. असे तीन सेट.”

रविवारी सकाळी शहजादीबींनी तांदळाचा डबा दहादा उचलला आणि फळीवर ठेवला. कुकर दहादा उचलला आणि कप्प्यात ठेवला. मग पिठाचा डबा. मेहबूबमियाँ मोजत होते. मधूनमधून “शाबास!” म्हणत होते. दुपारी बापलेक पानावर बसले. पानात काही नव्हतं.

“अगं, जेवण?”

“तीन सेट झाले.”

“पण तांदूळ?”

“होते तिथं ठेवले. अहो, डबा उघडला की ते काम होतं. मला व्यायाम सांगितलाय.”

“अम्मी, खरंच भूक लागलीय.”

“माझी गोळी दिली असती रे बाळा, पण ती जेवणानंतर घ्यायची असते.”

वर्गाला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली. आता त्या तीन संध्याकाळी शहजादीबी नवे बूट घालून बाहेर पडतात आणि बापलेक खिचडी लावतात. तांदळाचा डबा पहिल्याच दिवशी वरच्या फळीवरून ओट्यावर आला. पुरुषांच्या खांद्यांना ते शास्त्र लागू पडत नाही.

वाचकहो, हे वाचून हसू आलं असेल, तर आत जाऊन घरातल्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवायचा मोह तुम्हाला होईल. जरूर दाखवा. फक्त ती या क्षणी काय उचलून उभी आहे, तेवढं आधी बघा.