रॉस्कोच्या विजारीच्या मुठी

शुक्रवारी संध्याकाळी ऑगस्टा बिगलो स्वयंपाकघरात बसून एका विजारीच्या कमरेला धरून ओढायची चामड्याची मूठ शिवत होती आणि समोर तिचा नवरा थॅडियस कॉफी पीत जळत होता. विजार त्याची नव्हती, कॉलेजच्या संघातल्या तरण्या रॉस्को लंडीची होती.

"दुहेरी टाका कशाला?" त्याने विचारलं. "माझ्या वेळी तू एकेरीच घालायचीस."

"तुझ्या वेळी तुला ओढायला एवढी माणसं धावत होती कुठे?" ऑगस्टा मान वर न करता म्हणाली.

त्या काळी अमेरिकेतला फुटबॉल हा निम्मा ओढाओढीचाच खेळ होता. चेंडू पोटाशी कवटाळलेल्या गड्याच्या विजारीच्या मुठी धरायच्या आणि सोबत्यांनी त्याला गर्दीतून पोत्यासारखं पुढे खेचायचं. थॅडियस हा वेस्टब्रुक कॉलेजचा पहिला कप्तान आणि आता कोच. एकेकाळी अर्धं मैदान एकट्याने पळून त्याने गोल केला होता, म्हणून गांट्झ न्हाव्याच्या आरशावर त्याचा फोटो लटकत असे. गावातले सगळे पुरुष त्या फोटोकडे बघत दाढी करून घेत. आयुष्यात एवढं मिळालं की बस, असं थॅडियसला वाटे.

पण आज सकाळीच गांट्झ म्हणाला होता, "कोच, खिळा एकच आहे बरं का. उद्याच्या सामन्यात त्या रॉस्कोनं तुमच्या धावेचा विक्रम मोडला, तर फोटो घरी घेऊन जा. बायको खूश होईल."

ऑगस्टाला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "घरी कुठे लावू? कोंबड्यांच्या खुराड्यात?"

ती चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली आणि थॅडियसने शिवणाच्या टोपलीतून कात्री उचलली. हिशोब सरळ होता. मुठी निसटल्या की सोबत्यांना ओढता येणार नाही, रॉस्को गर्दीत जागच्या जागी रुतेल, ना कुणाला इजा ना कुणाला पत्ता. त्याने दोन्ही मुठींचे टाके आतून कापले आणि नावापुरता एकेक तेवढा ठेवला. अनेक दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

शनिवारी नदीपलीकडच्या कॉलेजने पहिलाच चेंडू उंच मारला आणि तो थेट रॉस्कोच्या हातात पडला, तोही आपल्याच गोलरेषेपाशी. सोबती पोचायच्या आत पलीकडचा एक बैलासारखा गडी मागून धावत आला. त्याने रॉस्कोच्या दोन्ही मुठी पकडल्या, पाय रोवले आणि जीव खाऊन मागे ओढलं.

मुठी त्याच्या हातात आल्या. तो चिखलात उताणा पडला, त्याच्यावर त्याचेच तिघे कोसळले आणि रॉस्को सुटला तो अख्खं मैदान पार करूनच थांबला.

"कोचची युक्ती! कोचची युक्ती!" कुणीतरी ओरडलं. बघता बघता थॅडियस लोकांच्या खांद्यावर होता. खाली उतरवा म्हणून त्याने हातपाय झाडले, तर लोकांना तो आनंदाने नाचतोय असं वाटलं.

रॉस्को डोळे पुसत आला. "कोच, माझ्यासाठी एवढं केलंत? आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर जळता!"

"छे! काहीतरीच काय!" थॅडियस म्हणाला आणि आतून आणखी जळाला.

ऑगस्टाने चिखलातल्या मुठी उचलून उलटसुलट पाहिल्या. आतल्या टाक्यांची कापलेली टोकं तिने बोटाने चाचपली.

सोमवारी गांट्झच्या आरशावर रॉस्कोचा फोटो लागला. "तुमचाही मान राखलाय हो, कोच," म्हणत गांट्झने फोटोखाली त्या दोन मुठी टांगल्या. दाढीला आलेला प्रत्येक जण आता विचारू लागला, "कोच, कसं हो सुचलं तुम्हाला?" गळ्यावर वस्तरा असल्याने थॅडियसला मानही हलवता येईना.

स्वतःचा फोटो काखेत मारून तो घरी आला आणि थेट खुराड्याकडे वळला.

"तिकडे कुठे?" ऑगस्टाने दारातून हाक मारली. तिने फोटो त्याच्या हातातून घेतला, एप्रनने नव्हे, चांगल्या फडक्याने पुसला. थॅडियसचा जीव भांड्यात पडला. शेवटी बायकोच ती, तिला कळतं, असं त्याला वाटलं.

ऑगस्टाने शिवणाच्या टोपलीच्या बरोबर वर खिळा ठोकला आणि फोटो टांगला.

"इथे बरा," ती म्हणाली. "माझ्या कात्रीवर लक्ष ठेवील."