रेजिनामावशी पुस्तकाप्रमाणे वागतात

रेजिनामावशींच्या घरात मला नाव नाही. मी 'दोन नंबर' आहे. माझ्याआधी राहायला आलेली पाथर्डीची स्वाती 'एक नंबर'. तीन नंबरच्या कॉटवर कोणीच नसतं. तिच्यावर धुतलेली चादर कायम ताणून घातलेली असते. "मावशी, तिसरी मुलगी ठेवा की, भाडं येईल," असं स्वाती एकदा म्हणाली, तर जणू तिने दवाखाना विकायला काढलाय अशा नजरेने मावशी तिच्याकडे बघत राहिल्या.

"ती इमर्जन्सीची हाय," त्या म्हणाल्या. "इमर्जन्सी काय तुला विचारून येती का?"

मावशींचं पूर्ण नाव रेजिना त्रिभुवन. सगळी नोकरी त्यांनी एका मिशनच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नगरला हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि येताना वॉर्ड सोबत घेऊन आल्या. संध्याकाळी त्यांचा राऊंड असतो. त्या आपल्याच घरात दारावर टकटक करून आत येतात, उशाशी उभ्या राहतात आणि विचारतात, "काय तक्रार?" तक्रार नाही म्हटलं तर त्यांना बरं वाटत नाही. एखादीने रोजच्यापेक्षा अर्धी भाकरी कमी खाल्ली की थर्मामीटर निघालाच.

मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी वडील पत्र्याची पेटी घेऊन दाराशी उभे होते आणि काय विचारावं ते त्यांना सुचत नव्हतं. मावशींनीच विचारलं, "पोरीला झोप कशी हाय?" वडील म्हणाले, "लई गाढ." "मग काळजी न्हाई. जा तुमी." एवढ्यावर माझं शिक्षण सुरू झालं. मला हे नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, पण ते लिहायला हवं असं वाटतं.

मावशींची एक श्रद्धा येशूवर आणि दुसरी छापील अक्षरावर. वॉर्डात केसपेपरवर जे लिहिलंय तेच करायचं, तोंडी ऑर्डर घ्यायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की जे जे छापलेलं असेल ते त्या पाळतात. बिस्किटाच्या पुड्यावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं असतं. मे महिन्यातल्या नगरमध्ये अशी जागा कुठे मिळणार? माठाजवळ थंड, पण ओलं. कपाटात कोरडं, पण भट्टी. महिनाभर तो पुडा घरभर फिरत होता. शेवटी स्वातीने तो खाऊन प्रश्न मिटवला. भेळ आणली तर मावशी भेळ आम्हाला देऊन कागद स्वतः वाचायला घेतात. वाचून झाल्यावर "छापलंय ना? मग झालं," असं म्हणून घडी घालून ठेवतात.

अशा बाईंच्या घरात मी एक दिवस ते पुस्तक आणलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी धर्मांच्या अभ्यासाचा पेपर घेतला होता. खरं सांगायचं तर त्यात इंग्रजी कमी आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून. पुस्तकात एकेका धर्मावर एकेक प्रकरण होतं. ख्रिस्ती धर्माच्या प्रकरणात पुढे एक भाग होता : 'कॅथोलिक श्रद्धा व आचार'. मी सहज म्हणाले, "मावशी, तुमच्यावर धडा आहे आमच्या पुस्तकात."

मावशी भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, हात धुतले, आत गेल्या आणि रविवारी चर्चला नेसायची साडी नेसून बाहेर आल्या. खुर्ची ओढून बसल्या. "वाच," म्हणाल्या. "मोठ्यानं. शेवटच्या कॉटला ऐकू गेलं पायजे."

मला मोठ्याने वाचायची सवय नव्हती. वर्गात दोन वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आपलं बोलणं ऐकून पोरी हसतील अशी भीती. पण मावशींपुढे पुटपुटणं चालत नसे. "श्वास घे. खोकल्यासारखं नको वाचू." रोज एकेक परिच्छेद. आज माझा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचतो, तो त्या खुर्चीपुढे तयार झालेला आहे.

पहिले दोन दिवस मावशी नुसत्या खूश होत्या. गल्लीत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "आमी पुस्तकात आलोय." मग अडचण सुरू झाली. पुस्तकात एक बाई होती आणि घरात दुसरी. पुस्तकाला दुरुस्त करावं असं मावशींच्या मनातही आलं नाही. त्यांनी स्वतःला दुरुस्त करायला घेतलं.

'कॅथोलिक लोक शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करतात,' असं मी वाचलं. मावशी फक्त ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार पाळत. आता वर्षभराचे लागू झाले. पुस्तकात अंड्याचं काहीच म्हटलेलं नव्हतं, पण "संशय नको" म्हणून शुक्रवारची अंडाकरीही बंद झाली. "अगं, पण आम्ही कुठे कॅथोलिक आहोत?" स्वाती माझ्यावर उखडली. "तुझा पेपर आणि माझा उपास! दुसऱ्या कुठल्या धर्माचं वाच की जरा, ज्यात गोड असतं."

'मरियामातेच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली जाते.' मावशींच्या मूर्तीपुढे लाल झिरोचा बल्ब होता. वॉर्डात आग नको म्हणून लागलेली सवय. बल्ब निघाला, मेणबत्त्यांचा पुडा आला, आणि पडदा पेटू नये म्हणून शेजारी पाण्याची बादली आली. मरियामातेपुढे बादली बघून वीज बिलवाला दचकला.

'जपमाळेची प्रार्थना गुडघे टेकून करतात.' मावशी जपमाळ चालता चालता म्हणायच्या, कधी गवार मोडता मोडता. गुडघे वॉर्डातच गेले होते. तरी त्या टेकल्या. प्रार्थना संपली, मावशी उठेनात. "एक नंबर! दोन नंबर!" आम्ही धावत गेलो. स्वातीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. "पेशंटला काखेतून धरत्यात, दंडाला न्हाई," मावशी खालून शिकवत होत्या.

नाताळच्या परिच्छेदात केक होता. मावशींनी मला थांबवलं. "करंजी?"

"करंजी नाही लिहिलेली."

"चकली?"

"नाही."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आपल्याच घरी चुकत आलं म्हणायचं. आई तर मरेपर्यंत करंज्या करायची." आणि केकचं भांडं कुठे मिळतं ते विचारायला शेजारी गेल्या.

मला तेव्हा हसू यायचं. आम्ही दोघी अंथरुणात तोंडावर चादर घेऊन हसायचो.

मग संस्कारांचा परिच्छेद आला. सात संस्कार. मावशी बोटं मोजत ऐकत होत्या. मी वाचलं, 'बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, हा पहिला संस्कार होय. तो केवळ धर्मगुरूच देऊ शकतात. अन्य कोणी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरला जात नाही.'

"परत वाच."

मी परत वाचलं. मावशींनी चष्मा लावला, पुस्तक हातात घेतलं आणि बोट ठेवून स्वतः वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "बास आज," म्हणाल्या.

त्या दिवशी राऊंड झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वातीला खरंच थोडा ताप होता, तो तिने स्वतः सांगितला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "गोळी हाय तिथं, घे." आम्ही दोघी घाबरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि कसंबसं विचारलं, "मावशी, काय तक्रार?"

त्यांनी ताटातून वर बघितलं नाही.

"वॉर्डात लेकरं यायची," त्या म्हणाल्या. "काही लई लहान असायची. मुठीएवढी. आता काचेच्या पेट्या हायत, तवा आमच्याकडं न्हवत्या. डॉक्टर सांगायचे, घटकाभराचं हाय. आपल्या ख्रिस्ती लोकांचं लेकरू असलं की आईबाप म्हणायचे, सिस्टर, फादरला बोलवा. फादर कुठं? एका फादरला पंधरा गावं. निरोप जायचा, मोटरसायकल यायची, तवर..." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग ते म्हणायचे, तुमीच द्या बाप्तिस्मा. मी द्यायचे. म्हाताऱ्या मदर हुत्या, त्यांनी मला शिकवलं हुतं. आईबापानं सांगितल्याबिगर कधी न्हाई दिला. पन दिला."

"किती जणांना?"

"मोजायचं नसतं ते." ताट हलवत म्हणाल्या, "नावं बी मीच ठेवली. त्या टायमाला आईबापाला कुठलं सुचतंय. मुलगा असला की जोसेफ, मुलगी असली की मारिया. मला तरी दुसरं कुठं सुचायचं. एका नावाची इतकी लेकरं वर गेली, तिथं हाका मारताना गोंधळ हुत असंल."

मी हसले नाही. त्या थोड्या हसल्या.

"आता पुस्तक म्हणतंय, चालत न्हाई."

"मावशी, फादरना विचारा की. चर्च तर पलीकडेच आहे."

"आन ते म्हणले, पुस्तक बरोबर हाय, तर?"

शुक्रवार पाळता येतो, मेणबत्ती आणता येते, केकचं भांडं मिळतं. ही एक गोष्ट त्यांना पुस्तकाप्रमाणे परत करता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हात वर केला. सरांना वाटलं, मला बाहेर जायचंय. "जा," म्हणाले. मी म्हणाले, "नाही सर, प्रश्न आहे." अख्खा वर्ग वळला. मी ते वाक्य वाचून दाखवलं, शेवटच्या कॉटला ऐकू जाईल असं, आणि विचारलं, "सर, हे खरं आहे का?"

सरांनी पुस्तक बघितलं. मग खरेपणाने म्हणाले, "मला माहीत नाही, भांगरे. मीही ह्याच पुस्तकावरून शिकवतो. ज्यांचा धर्म आहे त्यांना लिहिणाऱ्याने विचारलं असेलच, असं आपण धरून चालतो." मग पुस्तक मला परत देत म्हणाले, "तू विचारून ये. पुढच्या तासाला आम्हाला सांग."

तशी मी चर्चच्या आवारात गेले. आधी कधी गेले नव्हते. चपला कुठे काढायच्या तेही कळेना, म्हणून फाटकातच काढल्या. फादर तरुण होते, बाह्या वर करून नळाची तोटी बसवत होते. मी नाव सांगितलं नाही. एका ओळखीच्या नर्स आहेत, एवढंच म्हणाले आणि सगळं सांगितलं.

फादरनी तोटी खाली ठेवली.

"लेकरू जाणार असेल आणि फादर नसेल, तर कोणीही देऊ शकतं," ते म्हणाले. "पाणी हवं, बाप्तिस्म्याचे ठरलेले शब्द हवेत, आणि मनापासून द्यायचा असावा. देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतो. तो बाप्तिस्मा पूर्ण असतो. परत द्यावा लागत नाही. तुमच्या पुस्तकात अर्धंच लिहिलंय."

मला इतका आनंद झाला की मी फाटकापर्यंत पळाले. मग आठवलं आणि परत आले. "फादर, त्या तोंडी ऑर्डर घेत नाहीत."

फादर मोठ्याने हसले. आत जाऊन त्यांनी धर्मशिक्षणाचं मराठी पुस्तक आणलं, पान काढलं आणि त्यात वडाचं एक वाळकं पान घालून माझ्या हातात दिलं. "छापील आहे, सांगा त्यांना."

पुढच्या तासाला मी वर्गात हे सगळं सांगितलं, मावशींचं नाव न घेता. सरांनी आपल्या प्रतीत समासात पेन्सिलने लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा मावशी ओट्याशी उभ्या होत्या. "फादरनी दिलंय, छापील आहे," म्हणत मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. बोट ओळीच्या शेवटी गेलं, परत सुरुवातीला आलं. तीनदा. दारात स्वाती उभी होती, तीही हलली नाही.

"मावशी," मी म्हणाले, "मग मी परीक्षेत काय लिहू?"

"तुझ्या पुस्तकात हाय ते लिही. मार्क कापत्याल." मग त्या ओळीवर परत बोट ठेवून म्हणाल्या, "न्हाई. हे लिही. गेला तर जाऊ दे एक मार्क."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, काचा पुसल्या.

"फादर पाण्याचं काय म्हणले?"

"पाणी हवं, एवढंच."

"कसलं, ते न्हाई म्हणले?"

"नाही."

"पुस्तकात बी न्हाई," मावशी म्हणाल्या. त्यांनी डावा हात समोर धरला, तळवा वर करून, जणू त्यात कोणाचं तरी डोकं होतं. "कोमट घ्यायचं. मी किटली आधीच शेगडीवर ठिवायचे. गार पाण्यानं लेकरू दचकतं. एवढ्याशा वेळासाठी आलंय, त्याला कशाला दचकवायचं?"