गोकर्णीचा पंधरावा दिवस

व्यंकूअण्णांनी माझ्या आईला भर गल्लीत चोर म्हटलं, आणि तेही ती हातात पूजेची परडी घेऊन उभी असताना. तिचा गुन्हा काय, तर आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरच्या गोकर्णीची चार निळी फुलं तिनं शंकरासाठी खुडली. देवाच्या फुलाला चोरी म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं. अण्णा आमचे चामराजपेटेतले शेजारी, आमच्यासारखेच कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातले. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. घरात बायको नाही, मूल नाही. एक सूक्ष्मदर्शक आणि डबाभर दाढीची पाती. फुलात बी कसं धरतं आणि दिवसागणिक कसं वाढतं, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. फूल उमललं की देठाला पांढरा दोरा बांधायचा, दोऱ्याला चिठ्ठी लावायची, आणि चिठ्ठीवरच्या दिवशी ती कोवळी शेंग पात्यानं चिरून आत बघायचं. कुणाची पाळी तिसऱ्या दिवशी, कुणाची दहाव्या.

बघायचं तर बघा, पण आम्हाला कशाला छळता? मी बससाठी धावत असलो की हे फाटकात आडवे. "स्वल्प थांब रे बाबू. पूर्वी झाडांच्या बिया उघड्यावर असायच्या. त्यांना पेटीत झाकायला कोट्यवधी वर्षं गेली. आणि तुझ्या आईला खुडायला मिनिट लागत नाही." मग शिदोरीचं पुराण. "बीमध्ये बाळाच्या आधी बाळाचा डबा तयार व्हायला लागतो, ठाऊक आहे? आणि या गोकर्णीचं बाळ इतकं हावरट, बाहेर पडायच्या आधीच डबा चाटूनपुसून साफ." तोवर माझी बस गेलेली असायची. ऑफिसात बोलणी मी खायची.

आता वेलावर एवढे दोरे लटकलेले पाहून आमच्या पेटेतल्या बायका काय समजणार? नागरकट्ट्यावरच्या, म्हणजे नागोबाच्या पारावरच्या, अश्वत्थाला नवसाचे दोरे बांधणाऱ्या त्या. गोकर्णीचा वेल जागृत आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आठवड्याभरात वेल हळदीच्या दोऱ्यांनी पिवळा झाला. अण्णा स्टुलावर चढले आणि सगळ्यांच्या देखत कात्रीनं एकेक दोरा कापत सुटले. "अकला गहाण टाकल्यात का? हे देऊळ नाही, प्रयोग आहे." बायका बोटं मोडत घरी गेल्या.

सरसूचा, माझ्या बायकोचा, दोरा मात्र कात्रीतून सुटला होता. लग्नाला सात वर्षं होऊन आमच्याकडे पाळणा हलला नव्हता, आणि नातेवाइकांनी तिला बोलून बोलून अर्धी केली होती. तिनं आपला लाल दोरा वेलाला नव्हे, अण्णांच्याच एका दोऱ्याशेजारी त्याच देठाला बांधला होता. शिकल्यासवरल्या माणसानं निवडलेलं फूल लागू पडणारच, हा तिचा हिशेब. नंतर तिनं चिठ्ठी वाचली. पंधरावा दिवस, म्हणजे येता शनिवार. त्या दिवशी तिची शेंग चिरली जाणार होती. शुक्रवारपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं.

शनिवारी सकाळी मी बाह्या सारून अण्णांच्या घरात शिरलो. ते टेबलाशी बसले होते, पातं समोर.

"कापलीत का ती शेंग?"

"लाल दोरा कुणाचा?"

"सरसूचा. त्या शेंगेला हात लावलात तर मी तुमचा सूक्ष्मदर्शक गटारात फेकीन."

"सरी, ठीक आहे. आधी हे बघ." त्यांनी वही माझ्यापुढे आपटली. चौदाव्या दिवसाचं चित्र होतं, सोळाव्याची जागा आखून ठेवलेली. पंधराव्यावर आडवी रेघ. "पंधराव्यासाठी तीन फुलं राखली होती. दोन तुझ्या आईनं दोरे काढून शंकराला वाहिली. हे शेवटचं. बहर संपला आणि महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. परीक्षकाला काय सांगू, शेजारणीचा नवस होता?"

"मग कापली का नाहीत?"

"दोऱ्यानं मूल होत नाही. मूर्खपणा आहे हा." ते ओरडत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "मी शेकडो चिरल्यात. पातं लागलं की आतलं वाढायचं थांबतं, दुसरं काही होत नाही. आज हात चालला नाही. तिला म्हणावं, वेलाला पाणी घालत जा. माझ्या भरवशावर ठेवू नको."

भांडायला गेलेला मी तसाच परत आलो. मला त्यांचा राग येत होताच, पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

प्रबंध परत आला. पंधराव्या दिवसाचं निरीक्षण नाही, एवढाच शेरा. अण्णांचं आणखी एक वर्ष गेलं. आणि आम्हाला मूलही झालं नाही.

पण शेंग वाळल्यावर अण्णा आपणहून आमच्या दारात आले. सरसूच्या ओंजळीत त्यांनी सहा काळ्या बिया ओतल्या. ती रडायला लागली, तर हा माणूस उंबऱ्यात उभा राहून तिच्यावरच खेकसला, "रडू नको अक्का, बी भिजेल." आणि तिच्या ओंजळीवर त्यांनी स्वतःचा हात झाकून धरला.