मनकवड्याचा क्यूआर कोड

गुरुवारी संध्याकाळपर्यंत ऐंशी हजार रुपये जमले नाहीत तर सिनेमा होणार नाही, हे अभयला माहीत होतं. आणि मंगळवारी सकाळी जमले होते नऊशे. त्यातले पाचशे त्याचे स्वतःचेच, सुरुवात बरी दिसावी म्हणून टाकलेले. सिनेमा म्हणजे वीस मिनिटांचा विनोदी लघुपट, 'मनकवडे'. लोकांच्या मनातलं ओळखतो असं सांगून पोट भरणाऱ्या एका लबाड गृहस्थाची गोष्ट. कॅमेरावाला सौमित्र शुक्रवार-शनिवार मोकळा होता, नंतर चार महिने तो एका मालिकेत अडकणार होता. हिंजवडीच्या बसमध्ये बसून अभयने तीन वर्षं ही गोष्ट लिहिली होती. आता चार महिने थांबलो तर कायमचेच थांबू, या धास्तीने त्याला जेवण जात नव्हतं.

मनकवड्याचं काम करणार होते त्याचे वडील, भीमराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि धायरीच्या विहारात दर महिन्याला अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे. बुवाबाजीची टर उडवायला मिळतेय म्हटल्यावर ते एका पायावर तयार झाले. पैशांचं विचारलं तेव्हा मात्र, "ते तुझ्या लग्नासाठी ठेवलेत. लग्न कर, मग माग," एवढं बोलून ते पेपरात शिरले. चौतीस वर्षांच्या अभयने लोकांकडूनच पैसे जमवायचं ठरवलं.

म्हणून मग ऑफिसातल्या नीरजाने पोस्टर काढलं. या सिनेमाची निर्मातीही तीच, कारण दुसरं कोणी मिळालं नव्हतं. वर भीमरावांचा आठ्या घातलेला फोटो, खाली 'मनकवडे : तुमच्या मनातलं ओळखतात', त्याखाली अभयच्या खात्याचा क्यूआर कोड आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'विनोदी लघुपटासाठी मदत करा'. सोमवारी संध्याकाळी दोघांनी घाईघाईत साठ पोस्टरं धायरीभर चिकटवली.

मंगळवारी दुपारपासून पैसे यायला लागले. एकशे एक. एक्कावन्न. दोनशे एक्कावन्न. अभय हरखून गेला. नऊ हजार झाले तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक आकड्याच्या शेवटी एक आहे. त्याने पैशांबरोबर आलेले निरोप उघडून पाहिले. 'मुलीचं लग्न कधी?' 'प्लॉटचा निकाल आपल्या बाजूने लागेल का?' एकाने नुसतंच 'गुडघा' लिहिलं होतं.

तो धावत खाली गेला. किराणा दुकानाच्या भिंतीवर भीमराव त्याच्याकडे रोखून बघत होते. तळाची ओळ नव्हती. नीरजाने शनिवार पेठेतल्या छापखान्यात फोन लावला. कागदात बसत नव्हतं, म्हणून खालचा चार बोटं पट्टा कापला, असं मालकांनी शांतपणे सांगितलं. वर म्हणाले, "बारीक अक्षरं कोण वाचतं? तुम्ही तरी वाचलीत का नेताना?"

भीमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. ते चष्मा काढायचे तेव्हा अभयला अजूनही शाळेचं प्रगतिपुस्तक आठवायचं.

"म्हणजे माझा चेहरा लावून तू दक्षिणा गोळा केलीस. जादूटोण्याच्या कायद्यावर विहारात बोलतो मी. आता त्याच कायद्यात मला आत घाल. सगळ्यांचे पैसे परत कर. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या नंदाताई आल्या. त्यांनी दोनशे एक्कावन्न पाठवले होते आणि उत्तर घ्यायला त्या जातीने आल्या होत्या. भीमराव म्हणाले, "नंदाताई, मला काही कळत नाही. तुमचे पैसे दहा मिनिटांत परत मिळतील. जा आता."

नवव्या मिनिटाला पैसे मिळाले. नंदाताईंनी ते सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, वेळेसकट. अभय रात्रीपर्यंत एकेकाचे पैसे परत पाठवत होता आणि ज्याला ते मिळत होते तो चार जणांना सांगत होता. पैसे परत करणारा मनकवडा धायरीत आजवर कोणी पाहिला नव्हता. हा माणूस खरा, यावर लोकांचं एकमत झालं.

बुधवारी जिन्यात रांग लागली. भीमरावांनी दारावर पाटी लावली : 'येथे भविष्य सांगत नाहीत. बेल वाजवू नये.' ज्यांना फ्लॅट सापडत नव्हता त्यांची पाटीमुळे सोय झाली. बेल कोणी वाजवली नाही. सगळे पायऱ्यांवर बसून राहिले.

गुरुवारी दुपारी चार वाजता खात्यात पुन्हा नऊशे होते. सौमित्रचा तिसरा निरोप आला होता, 'हो की नाही ते सांग.' भीमराव दार उघडून बाहेर आले आणि विहारात बोलतात तशा खड्या आवाजात म्हणाले, "हा सिनेमा आहे. लोकांना फसवणाऱ्या माणसाचा. मी त्यात फक्त काम करतो. मला कोणाच्या मनातलं ओ की ठो कळत नाही."

लोकांनी आदराने माना डोलावल्या. खरी माणसं असंच म्हणतात, असं नंदाताईंनी मागच्या पायरीवर समजावून सांगितलं.

हीच वेळ, असं वाटून अभय पुढे झाला. सिनेमाला ऐंशी हजार लागतात, आज संध्याकाळची मुदत आहे, ज्यांना जमेल त्यांनी मदत करावी, असं त्याने चाचरत सांगितलं. आणि काय सांगावं, लोकांनी खरोखर खिशातून फोन काढले!

नंदाताईंनी सहज विचारलं, "भीमराव, पण होईल ना हो सिनेमा?"

भीमरावांनी मुलाकडे पाहिलं. तीन दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले.

"होईल," ते म्हणाले.

जिन्यात सगळ्यांना हायसं वाटलं. "मग झालं तर," एक जण म्हणाला, "होणारच आहे म्हणतात, तर आपले कशाला?" फोन परत खिशात गेले. पाच मिनिटांत जिना रिकामा झाला.

अभय वरच्याच पायरीवर बसला. नीरजा शेजारी बसली. त्याने सौमित्रला 'नाही' लिहायला घेतलं. आत भीमराव चष्मा कपाळावर चढवून आपल्या फोनवर काहीतरी खुडबुड करत होते आणि स्वतःशीच चिडत होते.

अभयचा फोन वाजला. एकोणऐंशी हजार एकशे रुपये. आधीचे नऊशे वजा करून, बरोबर हिशेबाने. शेवटी एक नव्हता.

खाली निरोप होता : 'मुलाचं लग्न कधी?'

या एका प्रश्नाचे पैसे मात्र अभयने परत केले नाहीत.