कानातला ओलावा

बाबा मान कलती करून बसलेले दिसले, तशी धाकटी हातातलं काम टाकून धावली.

"काय झालं, बाबा?"

"यंत्र खरखरतंय गं. कानात कुणी कागद चुरगाळतंय जसं."

दुसरी कुणी 'बघू नंतर' म्हणाली असती. पण धाकटी (जी कुकरच्या शिटीलाही दचकायची) नोकरीला होती प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मच्या कारखान्यात, लॅबमध्ये. श्रवणयंत्राच्या पोटात जी नखाएवढी पिवळसर फिल्म असते, तिच्यावरच धाकटीचा पगार चालायचा. ही फिल्म हवेतला ओलावा गुपचूप पिते, फुगते आणि मग तिच्यावरचं सर्किट भलतंसलतं बरळू लागतं, हे तिला तोंडपाठ होतं.

"ओलावा शिरलाय! सुकवायला हवं."

"पाचला छकुलीचं गाणं आहे," बाबा घाबरून म्हणाले. थोरलीची छकुली पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती. बाबा आठवडाभर दिवस मोजत होते. "खरखरीसकट ऐकेन की मी."

"छे! तासाभरात ठणठणीत करते."

लॅबमध्ये फिल्म मंद आचेवर कित्येक तास सुकवतात. धाकटीकडे होता एक तास. तिने त्रैराशिक मांडलं (शिक्षण आडवं आलं ते इथेच): वेळ कमी, तर आच जास्त! यंत्र उघडून तिने आतला भाग केकच्या ओव्हनमध्ये ठेवला. दहाव्या मिनिटाला 'टच्' झालं. धाकटी टुणकन उडाली. फिल्मने प्यायलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली होती आणि फिल्मभर टपोरे फोड आले होते.

तिने यंत्राच्या कंपनीला अकरा वेळा फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' अकराही वेळा एवढंच ऐकलं.

पाच वाजता बाबा पहिल्या रांगेत बसले. छकुली गायली. बाबा तिच्या ओठांकडे एकटक बघत राहिले. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी आधी शेजाऱ्याचे हात बघितले, मग स्वतः वाजवल्या, सगळे थांबल्यावरही.

"छान गायली ना गं?" त्यांनी विचारलं. जरा मोठ्यानेच.

धाकटीने नुसती मान हलवली आणि फोन कानाला लावून बाहेर पळाली. बाराव्यांदा. आणि चक्क कुणीतरी उचलला! तिने हुंदके आवरत एका दमात सगळं सांगितलं: खरखर, ओलावा, फुगलेली फिल्म, वाफ, फोड.

पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं मॅडम," तो म्हणाला, "पण आधी कानातला मळ काढून बघितला होता का?"