पाहिलं तेवढंच

आमच्या शेजारचे कदमकाका कशालाही सरळ उत्तर देत नाहीत. सकाळी विचारावं, "काका, आमची कामवाली वर आली का?" तर म्हणणार, "जिन्यात पैंजण वाजले. कोणाच्या पायात होते ते पाहिलं नाही."

ठाण्याच्या कोर्टात एकदा साक्ष देऊन आले, तेव्हापासूनचं हे दुखणं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची चौकशी करायला रत्नागिरीहून पाहुणे आले होते. मुलगा पितो का, असं त्यांनी हळूच विचारलं. काका म्हणाले, "पिताना पाहिलं नाही. जिना चढताना भिंत धरतो, ते पाहिलंय." पाहुणे चहा न घेताच गेले. मुलाच्या आईने काकांशी बोलणं टाकलं. मीही टाकणार होते, पण आमच्या पाण्याच्या मोटरचं बटण त्यांच्याच दारात आहे.

आता ती साक्ष. आमच्या बिल्डिंगखाली हार्डवेअरचं दुकान आहे. काकांचा धाकटा भाऊ वसंता तेव्हा त्यांच्याकडेच राहायचा. त्याने दुकानासमोर स्कूटर लावली, त्यावरून दुकानदाराशी जुंपली. शिव्या झाल्या, कॉलर धरली गेली आणि दुकानदाराने लोखंडी गज वसंताच्या खांद्यावर घातला. उजवा हात लुळा पडला तो कायमचा. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला.

सगळी बिल्डिंग साक्षीदार झाली, फक्त जिन्यातल्या जिन्यात. "जान से मारने का ही इरादा था," असं सेक्रेटरी शाहभाई छातीठोक सांगायचे. त्या दिवशी ते सुरतला कुणाच्या तरी लग्नात जेवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर बंद खिडकीआडून चार घाव मोजले. प्रत्यक्ष कोर्टात जायची वेळ आली तेव्हा कुणाची कंबर आडवी आली, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाची गावची जत्रा. उरले काका. भांडण झालं तेव्हा ते दुकानाच्या पायरीवरच उभे होते.

आणि तिथे जाऊन त्यांनी काय सांगावं? गज दुकानातच पडलेला होता, हाताला लागला म्हणून दुकानदाराने उचलला. घाव एकच. मारून टाकतो, असं काही तो म्हणाला नाही. वसंता कोसळल्यावर त्याने गज फेकला आणि पाणी आणायला धावला. जज्जसाहेबांनी नेमकं तेच धरलं. हत्यार बरोबर आणलेलं नाही, घाव एक, तोही डोक्यावर नाही, म्हणजे जिवे मारायचा हेतू सिद्ध होत नाही. शिक्षा झाली ती गंभीर दुखापतीची. बरीच कमी.

कोर्टाच्या व्हरांड्यात वसंता एवढंच म्हणाला, "दादा, तू कोणाचा?" त्यानंतर तो बायकोमुलांना घेऊन स्टेशनपलीकडे, पूर्वेच्या जेसल पार्कला राहायला गेला.

मी काकांना तोंडावर सुनावलं. ह्या हरिश्चंद्रगिरीपायी सख्खा भाऊ घालवलात. आणखी एक घाव सांगितला असता तर कुठे आभाळ कोसळणार होतं?

काका गॅलरीचा कठडा पुसत होते. "त्याने गज फेकला म्हणून वसंता जगला," ते म्हणाले. "ते मी कसं लपवू?"

धन्य आहे, म्हटलं मी, आणि आत गेले.

मागच्या आठवड्यात जेसल पार्कला नणंदेकडे गेले होते. कोपऱ्यावर वसंता दिसला, हात गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. हाक मारणार, तोच त्याच्या बऱ्याच मागे कदमकाका दिसले. हे इथे पूर्वेला कशाला? मी टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वो भाई कसरत के लिए दवाखाने जाते हैं ना, चाचा रोज पीछे पीछे चलते हैं. बात नहीं करते."

वसंता मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबला. रिक्षा, टेम्पो सुसाट जात होते. काका पोचले, त्याच्याकडे न बघता रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात पसरून गाड्या अडवल्या. वसंता ओलांडून गेला. मागे वळलासुद्धा नाही.

पण काका यायच्या आधी रस्ता एकदा पूर्ण मोकळा झाला होता. तरी तो कडेलाच उभा राहिला होता.